गाळलेलं लोणी

सत्तावीस वर्षांत एल्वी नीमेलाच्या हातून शाळेच्या स्वयंपाकघरात एकदाही काही नासलं नाही. मिशिगनमधल्या आमच्या हैक्किला कॉर्नर गावच्या शाळेत जेवलेलं कुठलंही पोर, मग ते आज चाळिशीचं का असेना, याची साक्ष देईल. तिची पद्धत ठरलेली होती. जे शिजेल त्याचं वजन करायचं, पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव, वजन आणि तारीख लिहायची, पट्टी डब्याला लावायची आणि मगच डबा फ्रीझरमध्ये ठेवायचा. तपासायला येणारे सरकारी साहेब तिच्या फ्रीझरचं झाकण उघडून दुसऱ्या शाळांच्या बायकांना दाखवायचे, असं असावं म्हणून.

नोकरी सुटली, सवय काही सुटली नाही. घरच्या फ्रीझरमध्ये हरणाचं मटण, खिम्याच्या मोठ्या करंज्या म्हणजे पास्ट्या, रानातल्या निळ्या बोरांच्या पिशव्या, सगळ्यांवर तिचं गोल अक्षर. टौनो, तिचा नवरा, म्हणायचा, "मी मेलो की मलाही पट्टी लावशील तू."

"लावीन की. वजनासकट."

टौनोचं वजन तेव्हा एकशे दहा किलोच्या घरात होतं. तीस वर्षं त्याने लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवला होता, बर्फात, उतारावर, कधी कधी नुसत्या देवाच्या भरवशावर. एकोणसाठाव्या वर्षी त्याचा डावा पाय फरफटायला लागला. आधी वाटलं बूट ढिला आहे. मग नवे बूट आणले, तरी पाय फरफटतच राहिला. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. माणूस पायांकडून वर वर मरत येतो आणि डोकं मात्र शेवटपर्यंत जागं राहतं, असला तो आजार. तीन वर्षं, डॉक्टर म्हणाले, नशीब असेल तर चार.

टौनो रडला नाही. आमच्याकडचे पुरुष रडत नाहीत, लाकडं फोडतात, आणि आता त्याला तेही जमत नव्हतं. पण त्या शनिवारी साउनातल्या, म्हणजे घरच्या वाफेच्या खोलीतल्या, बाकावर बसल्या बसल्या, गरम दगडांवर पाणी टाकून झाल्यावर, तो एवढंच बोलला, "एल्वी, मला एकट्याला मरू देऊ नकोस. बाकी काय व्हायचं ते होऊ दे."

त्याचा थोरला भाऊ आर्व्हो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वृद्धाश्रमात वारला होता. न्याहारीचा ट्रे घेऊन आलेल्या बाईला ते कळलं, तेव्हा तो गार पडला होता. किती वाजता गेला, कोणाला हाक मारली का, हे कोणालाच माहीत नव्हतं. टौनोच्या मनातून तो ट्रे कधी गेलाच नाही.

"नाही मरू देणार," एल्वी म्हणाली. बायका असे शब्द देतात आणि मग जन्मभर फेडत बसतात.

दुसऱ्या वर्षी त्याच्या पायांत पेटके यायला लागले. पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, अंगठे वळायचे, आणि तो दात आवळून पडून राहायचा. गोळ्या दिल्या की पेटके थांबायचे, पण त्याबरोबर टौनोही थांबायचा. लाळ गळायची, खोकायचंसुद्धा भान राहायचं नाही. खोकता न येणं म्हणजे या आजारात घात. तेव्हा डॉक्टरांनीच गांजा औषध म्हणून घेता येण्याच्या सरकारी कार्डाची गोष्ट काढली.

"गांजा?" एल्वी ताठ बसली. "आम्ही चर्चमधली माणसं आहोत, डॉक्टर."

"माझे निम्मे पेशंट चर्चमधलेच आहेत," डॉक्टर म्हणाले.

पाच वर्षांपूर्वी मिशिगनच्या लोकांनी मतं टाकून हा कायदा केला होता. एल्वीनेही मत टाकलं होतं. विरोधात. आता ती फॉर्म भरायला बसली. डॉक्टरांची सही, फोटो, पैसे, सगळं पाठवलं, आणि दोन कार्डं पोस्टाने आली: एक टौनोचं, रुग्ण म्हणून; एक तिचं, त्याची काळजी घेणारी म्हणून. तिने ती पाद्रीबाबांना दाखवली. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मॉर्फीन चालतं, तर हे का चालू नये?" मग तिची काही हरकत राहिली नाही.

धूर टौनोच्या छातीला झेपणारा नव्हता. खाऊनच घ्यायचं तर ते निसूतून, हे तिने ठरवून टाकलं. निसू म्हणजे वेलदोड्याचा गोड पाव, वेणी घालून भाजलेला. टौनो जन्मल्यापासून तो कॉफीत बुडवून खात आला होता, आणि कॉफीत बुडवलेला घास अजून त्याच्या घशाखाली उतरत होता. एल्वी गांजाचा पाला लोण्यात मंद आचेवर तासन् तास ठेवायची, मग पातळ फडक्यातून गाळायची. एकदा, दोनदा, आणि फडकं पिळून तिसऱ्यांदा. एक कण जरी घशात अडकला तरी टौनोला ठसका लागायचा, आणि त्याचा ठसका म्हणजे अर्धा तास जीव टांगणीला. उरलेला चोथा मागच्या खताच्या ढिगावर जायचा. पेटके थांबले. टौनो पुन्हा टौनो झाला. हरणांच्या शिकारीच्या कॅम्पवरच्या त्याच त्या थापा पुन्हा मारू लागला.

महिन्याचे पाव ती एकदमच करायची, शाळेसारखे. अकरा वेण्या. प्रत्येकीला पट्टी.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी टौनो संडासाच्या दारात पडला. तिला एकटीला उचलणं शक्य नव्हतं. तिने फोन केला. अॅम्ब्युलन्सची दोन माणसं आली आणि जवळच फिरत असलेला शेरीफचा डेप्युटी, म्हणजे आमच्याकडचा पोलीस, ब्रेंट ट्रेवारोही आला, उचलायला एक हात जास्त म्हणून. ब्रेंटला तिने बारा वर्षं जेवू घातलं होतं.

"बूट काढ, ब्रेंट. बर्फ आणलास आत."

"हो, मिसेस नीमेला."

"अजून गाजरं बाजूला काढून ठेवतोस का?"

"आता बायको ओरडते."

टौनोला उचललं, पलंगावर ठेवलं. हाड मोडलं नव्हतं. अॅम्ब्युलन्सवाले निघून गेले. ब्रेंट बूट शोधत होता, पण घरात आलेल्या माणसाला कॉफीशिवाय जाऊ देणारी बाई आमच्याकडे अजून जन्माला यायची आहे. एल्वीने कप ठेवला, निसू कापायला घेतला. ओट्यावर दोन होते, एक साधा आणि एक गेल्या महिन्याच्या घाण्यातला उरलेला. ब्रेंटने हात पुढे केला.

"तो नको रे. तो टौनोचा. त्यात औषध आहे."

"कसलं औषध?"

"गांजाचं. कार्ड आहे आमच्याकडे. थांब, दाखवते."

तिने दोन्ही कार्डं आणून टेबलावर ठेवली. ब्रेंटने ती उलटीसुलटी पाहिली, ठीक आहेत म्हणाला. मग घास चावता चावता त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "असे किती आहेत?"

आता शहाण्या माणसाने म्हटलं असतं, आहेत दोन-चार. पण एल्वीला तपासनीसाची सवय होती, आणि आजवरच्या प्रत्येक तपासनीसाने तिची पाठ थोपटली होती. तिने फ्रीझरचं झाकण उघडलं. ओळीने वेण्या, ओळीने पट्ट्या: औषधी निसू, गांजा, एक पौंड दोन औंस, तीन नोव्हेंबर.

"बघ," ती म्हणाली. "सगळं नियमाप्रमाणे."

ब्रेंट चावायचा थांबला. "मिसेस नीमेला," तो म्हणाला, "तुम्ही हे मला दाखवायला नको होतं." कप अर्धा ठेवून तो गेला. पोरगं लाजलं, असं एल्वीला वाटलं. गांजाचं नाव काढलं ना आपण.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. बरोबर अमली पदार्थांच्या ऑफिसातली दोन माणसं आणि झडतीचा कागद. ब्रेंटने बूट काढले नाहीत आणि मान वर केली नाही.

"मला लिहावं लागलं. रिपोर्टमध्ये जे दिसेल ते सगळं लिहावं लागतं."

"आणि कॉफी प्यालास, ते लिहिलंस?"

त्या माणसांनी स्वतःचा काटा आणला होता. पहिली वेणी ठेवली आणि एकाने वहीत लिहिलं, एक पौंड एक औंस. एल्वी दारातून बघत होती. तिला राहवलं नाही.

"तुमचा काटा चुकतोय. एक पौंड दोन औंस आहे तो. पट्टीवर लिहिलंय की."

त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि आकडा दुरुस्त केला. अकरा वेण्या, बारा पौंड सहा औंस. सोळा औंसांचा एक पौंड, आणि कार्डावर परवानगी होती अडीच औंसांची. आपल्या हाताने फास ओढून घ्यावा म्हणतात, तो असा.

सरकारने नेमून दिलेली वकीलबाई डोरीन पेलेटियर शहरात दुधाच्या जुन्या डेअरीवरच्या दोन खोल्यांत बसायची. एल्वीची सगळी हकीकत तिने ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला.

"गाळलेला पाला कुठे आहे?"

"टाकला. खतात."

डोरीनने पेन खाली ठेवलं. "तिथेच घोटाळा झाला. कायद्यात लिहिलंय, सुकलेला पाला, फूल आणि त्यांचं मिश्रण. पाला घालून पाव केला असतात, तर कोर्टाने आतला पाला मोजला असता. तुम्ही तो गाळून नुसता अर्क ठेवलात. वरच्या कोर्टाचा आत्ताचाच निकाल आहे, अर्काचा पदार्थ या कायद्यात बसत नाही. मग तो औषध नव्हे. मग तो साधा गांजा. आणि साध्या गांजाचं वजन करायचं ते अख्ख्या पावाचं."

"मैद्याचंही?"

"मैदा, साखर, अंडी."

"वेलदोड्यांचंसुद्धा?"

"वेलदोड्यांचंसुद्धा."

एल्वी म्हणाली, "अहो, पण मी तो गाळला तो त्याला घास लागू नये म्हणून. हे मला कोणी कुठे लिहून दिलं होतं?"

"कुठेच नाही. ते कार्ड देतात. रेसिपी देत नाहीत."

राज्याने कार्ड द्यायचं, पण औषध घ्यायला दुकान उघडू द्यायचं नाही. वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारने झाडालाच गुन्हा म्हणायचं. आणि कोर्टाने फडक्याची गाळणी मोजायची. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. आमच्या रस्त्याच्या टोकाला कार्डवाला एक जण उघड उघड बारा झाडं लावून धूर काढत बसतो. त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, कारण त्याचा पाला पाल्यासारखा दिसतो.

"सगळ्यात वरच्या कोर्टात विचारता येईल," डोरीन म्हणाली. "मला वाटतं विचारावंसुद्धा. पण दोन-तीन वर्षं जातील, आणि खालचा खटला हरलात तर तोवर तुम्ही आत."

"टौनोकडे दोन-तीन वर्षं नाहीत."

म्हणून तडजोड झाली. एल्वीने लहानसा गुन्हा कबूल करायचा; तुरुंग नाही; एक वर्ष प्रोबेशन, म्हणजे सरकारी देखरेख. ती घरी राहील, टौनोजवळ. अट एकच, पण ती अट सगळं खाऊन टाकणारी होती. जिथे गांजा आहे अशा जागेत तिने वर्षभर पाऊल टाकायचं नाही. कार्डाचा असला तरी. तिचं कार्ड रद्द. टौनोचं कार्ड चालू.

"चालू आहे ना?" एल्वीने विचारलं. "मग त्याने ते खायचं कुठे? साउनात? गाडीत?"

"तुम्ही नसाल तिथे," डोरीन म्हणाली, आणि तिलाच स्वतःच्या बोलण्याची लाज वाटल्यासारखी ती खिडकीकडे बघायला लागली.

जानेवारीत कोर्टात उभं राहायचं होतं. नुसतं कबूल म्हणून चालत नाही, आपल्या तोंडाने सांगावं लागतं काय केलं ते. न्यायाधीशांनी विचारलं आणि एल्वीने खरं सांगितलं: दोन पौंड मैदा, कोमट दूध, वेलदोडे कुटून, आणि लोणी, नवऱ्याच्या औषधाचं.

"आपण बेकायदा काम करतो आहोत हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही, साहेब. कार्ड होतं ना."

न्यायाधीशांनी कागद मिटला. अशी कबुली घेता येत नाही, म्हणाले. डोरीनने तिला बाहेर बाकावर नेलं आणि दोन तास समजावलं. माहीत होतं, एवढे दोन शब्द म्हणायचे. नाहीतर तडजोड मोडते, खटला उभा राहतो, चार वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते.

"हात वर करून शपथ घेतलीये मी."

"हो."

"म्हणजे देवाच्या नावाने खोटं बोलू?"

"टौनोजवळ कोण बसणार आहे, मिसेस नीमेला?"

एल्वी आत गेली आणि माहीत होतं म्हणाली. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात शपथेवर खोटं बोलायची तिची ही पहिलीच वेळ. खरं बोलली तेव्हा कोर्टाला पटलं नाही, खोटं बोलली तेव्हा लगेच पटलं. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा. मला दुसरे शब्द सुचतात, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

नोव्हेंबरपासून टौनोला औषध नव्हतंच. फेब्रुवारीपर्यंत तो गोळ्यांवर होता आणि गोळ्या त्याच्यावर. एल्वी त्याच्या पोटऱ्या मांडीवर घेऊन चोळत बसायची, तिच्या बोटांची पेरं सुजायची. एकदा त्याने तिला आर्व्हो म्हणून हाक मारली. त्या दिवशी तिने टौनोच्या बहिणीला फोन केला.

हेल्मी साठ मैलांवर, दुसऱ्या काउंटीत, एकटीच राहायची. तिने टौनोची काळजी घेणारी म्हणून स्वतःच्या नावाचं कार्ड काढलं. आता टौनोने तिच्या घरी राहायचं, औषध तिथे घ्यायचं.

"मला नाही जायचं," टौनो म्हणाला. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. "इथेच मरू दे. पेटके तर पेटके."

"मरायची एवढी घाई कसली? वर्षभराचा प्रश्न आहे. मी दर रविवारी येते."

"आत येता येणार नाही तुला."

"मग तू बाहेर ये," एल्वी म्हणाली.

तसंच झालं. दर रविवारी चर्च सुटलं की ती साठ मैल गाडी हाकायची आणि हेल्मीच्या अंगणात, पायरीपासून दहा पावलांवर, उभी करायची. काउंटी ओलांडायची म्हणून प्रोबेशनच्या साहेबांची लेखी परवानगी तिच्या पर्समध्ये असायची. हेल्मी आणि शेजारचा एक म्हातारा टौनोला चाकाच्या खुर्चीतून आणून गाडीत बसवायचे. हीटर चालू, थर्मासमधली कॉफी, आणि दोघं काचेतून समोर बघत बसायची. नवरा-बायकोची भेट गाडीत, लग्नाआधीच्या पोरापोरींसारखी. टौनोला त्याचंही हसू यायचं.

"तुझ्या बापाने पाहिलं तर?"

"बाप जाऊन तीस वर्षं झाली. गप्प कॉफी पी."

औषध लागू पडलं होतं, हे तर कबूल करायलाच हवं. पाय शांत, डोळे स्वच्छ. हेल्मी मात्र वकीलबाईने सांगितल्याप्रमाणे पाला गाळत नव्हती. तो कॉफीच्या यंत्रात दळून तसाच पिठात मिसळायची, म्हणजे कायद्याला दिसावा.

"गवत खातोय मी," टौनो म्हणायचा. "पण कायदेशीर गवत."

"ठसका लागतो का?"

"कधीमधी."

एल्वी हेल्मीला बजावायची, अजून बारीक दळ. हेल्मी म्हणायची, यापेक्षा बारीक यंत्र दळत नाही गं. गाळून दे, असं म्हणायला एल्वीची जीभ उचलायची आणि ती जीभ चावायची. गाळलं की हेल्मीही गुन्हेगार, आणि मग टौनोला ठेवायचं तरी कुठे?

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी हेल्मीचा फोन आला. दोन दिवसांपूर्वी घास चुकीच्या नळीत गेला होता, तेव्हापासून छाती भरली, ताप आहे, आणि दवाखान्यात जायला तो तयार नाही. शनिवारची लेखी परवानगी नव्हती. एल्वीने साहेबांच्या ऑफिसला फोन लावला. फोनवरच्या यंत्राने सांगितलं, सोमवारी करा. ती तशीच निघाली.

अंगणात तिने नेहमीच्या जागी गाडी उभी केली. हेल्मी दारात आली आणि तिने नुसती मान हलवली. टौनोला बाहेर आणता येणार नव्हतं. एल्वीने इंजिन बंद केलं. दहा पावलं होती. तिने ती मोजली नाहीत, विचारही केला नाही. बूट पायरीवर काढले आणि आत गेली.

आठ महिन्यांनी ती त्याच्यासोबत एका छपराखाली होती. टौनोने डोळे उघडले.

"आत आलीस?"

"आले."

"पकडतील."

"पकडू देत."

ती पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि त्याची पावलं तिने मांडीवर घेतली, कारण पाय गार पडले की त्याला घाबरल्यासारखं व्हायचं. तो दिवस गेला, रात्र गेली. ती उठली नाही. रविवारी सकाळी, चर्चची वेळ व्हायच्या सुमारास, त्याने तिच्या नावाने हाक मारली, बरोबर नावाने, आणि ती हो म्हणाली, आणि मग त्याचा श्वास परत आला नाही. हेल्मी ओट्यापाशी डोकं टेकून म्हणत होती, मी बारीक दळायला हवं होतं, मी बारीक दळायला हवं होतं. डॉक्टर पुढे म्हणाले की या आजारात हे होतंच. होत असेल. एल्वीला तेव्हा एवढंच कळत होतं की तो एकटा गेला नाही. फार दुःख झालं तिला, आणि त्या दुःखातसुद्धा कुठेतरी बरं वाटलं.

अंत्यविधी गुरुवारी ठरला. मंगळवारी प्रोबेशनचे साहेब, सुंडबर्ग, घरी आले. वाईट माणूस नव्हता. टोपी काढून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला, त्याचीही आई नुकतीच गेली होती त्याबद्दल बोलला.

"शेवटी जवळ होतात ना तुम्ही?" त्याने विचारलं, माणूस माणसाला विचारतो तसं. आणि विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय विचारलं. त्याने खिशातून पेन काढलं. महिन्याचा फॉर्म टेबलावर होताच. "म्हणजे, मला हे लिहावं लागतं, मिसेस नीमेला. त्या घरात गेला होतात का?"

एल्वीने त्या पेनाकडे पाहिलं. हो म्हटलं तर परवा टौनोला मातीत ठेवतील तेव्हा ती तुरुंगात असेल, आणि जुना खटला पुन्हा उभा राहील, आणि हेल्मीलाही ओढतील. कोर्टातलं खोटं शिकवायला वकीलबाईला दोन तास लागले होते.

"नाही," ती म्हणाली. "मी बाहेर गाडीत होते."

"त्यांच्याजवळ कोण होतं मग?"

"कोणी नाही. हेल्मी पाणी आणायला उठली होती." हेल्मी जवळ होती म्हटलं तर साहेब तिचाही जबाब घेतील, हे एल्वीला कळत होतं.

"आणि परवानगी शनिवारची नव्हती."

"ऑफिसला फोन केला होता. यंत्राला विचारा."

त्याने तेवढं सोडून दिलं. बाकीचं लिहिलं. तिने वाचून सही केली.

लहान गावात कागदावरचं आणि तोंडावरचं वेगवेगळं ठेवता येत नाही. एकाला खरं सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. म्हणून हेल्मीने तेच सांगितलं, आणि पाद्रीबाबांनाही तेच सांगितलं गेलं, आणि त्यांनी शवपेटीपाशी उभं राहून, एकट्याने गेलेल्याच्याही सोबत देव असतो, असं चांगलं मनापासून प्रवचन केलं. एल्वी पहिल्या बाकावर बसून ऐकत होती. ओरडून सांगावंसं वाटत होतं तिला, की मी होते, पाय माझ्या मांडीवर होते.

प्रवचनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. बायकांनी निसू आणले होते. एल्वीला बसा म्हणाले तरी ती किटली घेऊन टेबलांमधून फिरत होती. ब्रेंट ट्रेवारोची आई लेकाच्या बाजूने काहीतरी भांडण उकरावं म्हणून आलेली नव्हती. ती खरंच रडत होती. तिने एल्वीचा हात धरला.

"एक विचारू? रागावू नकोस. मी असते तर गेले असते गं आत. काय केलं असतं त्यांनी? इतक्या वर्षांचा संसार, आणि दहा पावलांवर गाडीत बसून राहायचं? तुला बसवलं तरी कसं?"

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. कोपऱ्यात हेल्मीने तोंडावर हात ठेवला.

"नियम होता ना," एल्वी म्हणाली, आणि तिचा कप भरून पुढच्या टेबलाकडे गेली.